कवितेशेजारी सरकारी अहवाल ठेवून वाचा

एम.ए. इंग्रजीला नव्याने आलेल्या मुलांचा एकोणिसाव्या शतकाच्या पेपराबद्दल ठरलेला प्रश्न असतो : "मॅडम, सामाजिक पार्श्वभूमी किती करायची?" मग वाफेचं इंजिन, शहरांची वाढ, मताधिकार वाढवणारा 1832 चा रिफॉर्म ॲक्ट, कामगारांची चार्टिस्ट चळवळ असं सगळं एका कागदावर उतरवलं जातं, आणि उत्तराच्या पहिल्या परिच्छेदात तो कागद ओतला की मुलं खाली कवितेचा सारांश लिहून मोकळी होतात. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध लागत नाही. मी स्वतः नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेची तयारी करताना एक पद्धत धरली आणि आज शिकवतानाही तीच वापरते. एक कविता घ्यायची आणि तिच्या शेजारी त्याच दोन-तीन वर्षांतला एखादा कायदा, अहवाल किंवा घटना ठेवायची. बाकीचा इतिहास हळूहळू आपोआप जमतो.

सुरुवात एलिझाबेथ बॅरेटच्या 'द क्राय ऑफ द चिल्ड्रन'पासून करा. ही कविता ऑगस्ट 1843 मध्ये 'ब्लॅकवुड्स' मासिकात आली. त्याआधी 1842 मध्ये बालकामगारांच्या चौकशी आयोगाचा खाणींवरचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. तो इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो, आणि त्यातल्या मुलांच्या जबान्या वाचल्याशिवाय कवितेकडे वळू नका असं मी आग्रहाने सांगते. यॉर्कशायरमधल्या गॉबर खाणीतली सारा गूडर नावाची आठ वर्षांची मुलगी त्यात बोलते. हवा खेळती राहावी म्हणून बोगद्यात दारं बसवलेली असत. कोळशाची गाडी आली की दार उघडायचं आणि गेली की लावायचं, हे तिचं काम. पहाटे चारला, कधी साडेतीनलाच ती खाली उतरते आणि संध्याकाळी पाचनंतर वर येते. ती सांगते की दिवा असला तर मी कधी कधी गाते, पण अंधारात गायची हिंमत होत नाही.

हे वाचून झालं की कवितेतली छोटी ॲलिस वाचा. ती गेल्या वर्षी वारली. तिच्या सोबतची मुलं म्हणतात की आम्ही तिच्या कबरीच्या खड्ड्यात डोकावून पाहिलं, तिथे काम करायला जागाच नव्हती. आता 'ऊठ, उजाडलं' म्हणून तिला कुणी उठवणार नाही. संदर्भाशिवाय वाचली तर ही ओळ भावविवश वाटते. साराची जबानी वाचलेल्या माणसाला तशी वाटत नाही. पुढे ही मुलं म्हणतात की प्रार्थनेतले 'आमच्या पित्या' एवढेच शब्द आम्हाला येतात. तिथे कवयित्रीने तळटीप देऊन हॉर्न यांच्या अहवालाचा हवाला दिला आहे. रिचर्ड हॉर्न हा तिचा साहित्यिक मित्र आणि याच आयोगाचा सहायक आयुक्त. म्हणजे अहवाल आणि कविता यांचं नातं तिने स्वतःच छापून ठेवलंय, आपल्याला ते ओढूनताणून जोडावं लागत नाही.

इथे तारखांकडे मात्र नीट बघा. स्त्रिया आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना खाणीत उतरवायला बंदी घालणारा कायदा 1842 मध्येच झाला होता. त्यामुळे 'या कवितेमुळे खाणींचा कायदा झाला' असं लिहिलंत तर ते सरळ चूक ठरेल. कवितेत खाणीइतकेच कारखानेही आहेत. दिवसभर घरघरणारी लोखंडी चाकं, ज्यांना मुलं 'आजच्या दिवस तरी थांबा' म्हणून विनवतात. कारखान्यांचे पुढचे महत्त्वाचे कायदे 1844 आणि 1847 चे. त्या वर्षांत लोकमत तापवणाऱ्या अनेक आवाजांपैकी ही कविता एक, असं लिहिणं सुरक्षित आहे आणि खरंही आहे.

अशीच जोडी विल्यम ब्लेक या कवीपाशी लावा. धुराडी साफ करणाऱ्या मुलांसाठी 1788 मध्ये कायदा झाला. आठ वर्षांखालचं मूल कामाला ठेवू नये असं त्यात होतं, पण अंमलबजावणीची यंत्रणाच नव्हती. ब्लेकची पहिली 'चिमणी स्वीपर' 1789 ची, दुसरी 1794 ची. पहिलीतलं मूल देवदूताच्या स्वप्नावर समाधान मानतं. दुसरीतलं मूल आईबाप, धर्मगुरू आणि राजा यांच्याकडे सरळ बोट दाखवतं. दोन्ही एकाच बैठकीत वाचा.

रोमँटिक कवी म्हणजे निसर्ग, ही गाइडांनी पसरवलेली समजूत डोक्यातून काढा. माग फोडणाऱ्या विणकरांना फाशी देण्याच्या विधेयकाविरुद्ध बायरन 27 फेब्रुवारी 1812 रोजी लॉर्डांच्या सभागृहात बोलला, आणि ते त्याचं पहिलंच भाषण होतं. 1819 मध्ये मँचेस्टरला संसदेत सुधारणा मागणाऱ्या सभेवर घोडदळ घातलं गेलं, तेच पीटरलूचं हत्याकांड. इटलीत राहणाऱ्या शेलीने ती बातमी कळताच 'द मास्क ऑफ अनार्की' लिहिली. ती छापायची त्याचा संपादक मित्र ली हंट याची हिंमत झाली थेट 1832 मध्ये, शेली जाऊन दहा वर्षं झाल्यावर.

टॉमस हूडचं 'साँग ऑफ द शर्ट' (1843) सगळ्यांनाच येतं, त्यावर फार वेळ घालवू नका. एकच गोष्ट टिपून ठेवा : एकेक शब्द तीन-तीनदा येतो तो शिवणाच्या टाक्यांसारखा, आणि त्या लयीवर दोन वाक्यं लिहिलीत की उत्तराला वजन येतं. आशयाबरोबर छंदाबद्दलही लिहिणारे विद्यार्थी फार कमी असतात.

माझ्या मते खरी उणीव वेगळीच आहे. आपण वाचतो ती बहुतेक कविता गरिबांबद्दलची असते, गरिबांनी लिहिलेली नसते. म्हणून सॅम्युएल लेकॉक शोधून वाचा. तो स्टॅलिब्रिजचा यंत्रमाग विणकर. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 पासून कापूस येईना, इंग्लंडच्या लँकशर परगण्यातल्या गिरण्या बंद पडल्या आणि त्याचंही काम गेलं. त्या काळात त्याने तिथल्या बोलीत गाणी रचली. हिंदुस्थानातून येणाऱ्या कापसाला तिकडे सरसकट 'सुरत' म्हणत. त्याचा धागा आखूड, मागावर सारखा तुटायचा. विणकराची मजुरी बुडायची आणि तो चरफडायचा. लेकॉकचं एक गाणं या सुरत विणणाऱ्यांचंच आहे. त्याच वर्षांत मुंबईत कापसाच्या भावाने पैशाचा पूर आला होता, तो 1865 मध्ये युद्ध संपताच ओसरला आणि बँका बुडाल्या. नारायण सुर्व्यांची कविता वाचून वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याला लेकॉक जवळचा वाटतो, हा वर्गातला माझा नेहमीचा अनुभव.

लँकशरची बोली पहिल्यांदा डोळ्यांनी वाचून कळत नाही. मोठ्याने वाचा, अडेल तिथे शब्दार्थ बघा, मग पुन्हा मोठ्याने वाचा. आठवड्याला एक कविता आणि तिच्या शेजारचा एक कागद एवढं जमलं तरी सत्र संपेपर्यंत पंधराएक जोड्या हाताशी येतात, आणि या पेपराला तेवढ्या पुरतात.