चित्रपुस्तक पाठवताना पात्रांची ओळख कुठे सांगावी?
पात्र कुठल्या घरातलं, कुठल्या समाजातलं, हे प्रकाशकाला सोबतच्या पत्रात, कथासाराच्या पहिल्याच वाक्यात सांगा: 'सात वर्षांची सकीना ऊसतोडीच्या फडाजवळ कोपीत राहते, एका कानाला यंत्र लावते, तिची पाटी हरवली आहे.' 'वैविध्यपूर्ण पात्रं' असं लिहून संपादकाच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही.

संहितेत चित्रसूचना, म्हणजे चित्रात काय दिसावं ते, कंसात द्या, तीही चित्राशिवाय अर्थ लागत नसेल तिथेच. 32 पानांना दोन-तीन खूप झाल्या. पानोपानी वेणी, फ्रॉक, कातडीचा रंग लिहिलात तर चित्रकाराला जागाच उरत नाही. आणि सकीनाच्या कानाचं यंत्र शेवटच्या पानावर एकदम उगवू देऊ नका, पहिल्या सूचनेतच येऊ द्या. पात्राचा समाज तुमचा नसेल, तर तिथल्या कुणाकडून संहिता आधी वाचून घ्या आणि तसं पत्रात नमूद करा.