नॅसवरची जागा संगणकाची स्वतःची डिस्क कशी करावी: घरच्या घरी आयस्कझी

घरी नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कांचा डबा, आणला की पहिल्या दिवशी आपण एक शेअर फोल्डर करतो, तो विंडोजमध्ये झेड ड्राइव्ह म्हणून जोडतो आणि कामाला लागतो. सिनेमे, स्कॅन केलेली कागदपत्रं, मोबाइलचे फोटो यांना तेवढं पुरतं. पण काही सॉफ्टवेअरना नेटवर्क ड्राइव्ह चालत नाही. फोटो निवडायच्या लाइटरूम क्लासिक या सॉफ्टवेअरचा कॅटलॉग, म्हणजे फोटोंच्या नोंदींची फाइल, नेटवर्क ड्राइव्हवरून उघडत नाही, त्याला संगणकाचीच डिस्क लागते. माझ्या संगणकातली ५१२ जीबीची एसएसडी काठोकाठ भरली होती आणि हाताच्या अंतरावर नॅसमध्ये काही टीबी रिकामे पडले होते. ही कोंडी आयस्कझीने सुटली.

स्कझी ही डिस्कशी बोलायची जुनी भाषा आहे, तिचं पहिलं प्रमाणित रूप १९८६ चं. तेच हुकूम जाड केबलऐवजी साध्या नेटवर्कवरून, टीसीपी-आयपीच्या पाकिटांत घालून पाठवायचे, म्हणजे आयस्कझी. त्याचं इंटरनेट मानक एप्रिल २००४ मध्ये आलं. मोठ्या डेटा सेंटरसाठी काढलेली ही सोय आज घरगुती नॅसमध्येही मिळते.

दुकान आणि लॉकर

शेअर फोल्डर हे वाण्याचं दुकान समजा. आपण काउंटरशी उभं राहून फाइल मागतो आणि नॅस ती आतून काढून देतो. कुठल्या फळीवर काय आहे ते त्याला ठाऊक असतं, म्हणून घरातले चौघे एकदम आले तरी घोळ होत नाही. आयस्कझी म्हणजे बँकेतला लॉकर. बँक जागा देते आणि राखते, पण आत काय आहे आणि ते कसं रचलंय हे ती बघत नाही. रचायचं काम किल्लीवाल्याचं. इथे किल्लीवाला तुमचा संगणक, आणि किल्ली एकाच संगणकाकडे हवी. एवढं मनात पक्कं ठेवा, कारण पुढच्या बहुतेक सूचना यातूनच निघतात.

चार शब्द लागतील. नॅसवर कापून ठेवलेली जागा म्हणजे लन. त्या जागेचं दार म्हणजे टार्गेट. दार ठोठावणारा संगणक म्हणजे इनिशिएटर. आणि प्रत्येक दाराला, तसंच ठोठावणाऱ्याला, एक लांबलचक नाव असतं, त्याला आयक्यूएन म्हणतात. विंडोजचं स्वतःचं आयक्यूएन १९९१-०५ या वर्ष-महिन्याने सुरू होतं, कारण मायक्रोसॉफ्टने आपलं डोमेन मे १९९१ मध्ये नोंदवलं. त्या आकड्यांचा तुमच्या डिस्कच्या तारखेशी काही संबंध नाही.

आधीची तयारी

वायफायवर हे करू नका. शेअर फोल्डरवरची फाइल वायफाय तुटल्यावर फार तर पुन्हा कॉपी करावी लागते. आयस्कझीत वायफाय तुटणं म्हणजे चालू संगणकातून हार्ड डिस्क उपटणं. संगणक आणि नॅस दोन्ही केबलने एकाच स्विचला किंवा राउटरला जोडा. गिगाबिट केबलवर सेकंदाला साधारण ११० एमबीचा वेग मिळतो. दोन्हीकडे अडीच गिगाबिटची पोर्ट असतील आणि मधला स्विचही तसाच असेल, तर पावणेतीनशेच्या आसपास.

राउटरमध्ये जाऊन नॅसचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवा. तो बदलला तर सकाळी संगणक जुन्याच पत्त्यावर दार शोधत राहील.

आणि यूपीएस. आपल्याकडे लाइट जाते, हे गृहीत धरूनच मांडणी करा. नॅसला यूपीएस आहे पण स्विच भिंतीतल्या साध्या सॉकेटला, ही चूक बऱ्याच घरांत दिसते. नॅस जिवंत राहतो, पण मधला रस्ताच बंद होतो. संगणक, स्विच, नॅस, तिघांनाही बॅकअप द्या.

नॅसवर लन करणं

मी सायनॉलॉजी कंपनीच्या नॅसवर चालणाऱ्या डीएसएम ७ या सॉफ्टवेअरचे शब्द वापरतो. ट्रूनॅस या दुसऱ्या नॅस सॉफ्टवेअरमध्ये हेच काम शेअर्सखालच्या 'ब्लॉक शेअर्स' या विझार्डमध्ये होतं. नावं थोडी बदलतात, क्रम साधारण हाच.

पॅकेज सेंटरमधून 'सॅन मॅनेजर' टाकून घ्या. उघडल्यावर डावीकडे 'आयस्कझी' दिसेल, तिथे 'क्रिएट' दाबा. टार्गेटला सुटसुटीत नाव द्या. आयक्यूएन आपोआप भरलेलं असतं, ते तसंच राहू द्या. त्याखाली 'चॅप' नावाचा चौकोन आहे, त्यावर टिक करा. चॅप म्हणजे दारावरचं कुलूप. ते लावलं नाही, तर घरच्या नेटवर्कवरचा कुठलाही संगणक ही डिस्क जोडून ती फॉरमॅट करू शकतो. पासवर्ड १२ ते १६ अक्षरांचाच ठेवा, कारण विंडोज त्याहून लहान किंवा मोठा घेत नाही. बरेच जण इथे वीस अक्षरी पासवर्ड ठेवायला जातात आणि मग जोडणी का होत नाही म्हणून तासभर डोकं खाजवतात.

कुलूप असलं तरी भिंती काचेच्या आहेत. आयस्कझीचा मजकूर तारेवरून उघडाच जातो. त्यामुळे राउटरमधून ३२६० हे आयस्कझीचं पोर्ट (जोडणीचा क्रमांक) इंटरनेटला उघडायचा मोह कधीही करू नका.

पुढच्या पानावर 'नवा लन तयार करा' निवडा. जागा विचारेल. आज लागते त्यापेक्षा थोडी जास्तच ठेवा, पण उगाच फार नको. लन नंतर वाढवता येतो, कमी करता येत नाही. मग 'थिक' की 'थिन' हा प्रश्न येतो. थिकमध्ये पूर्ण जागा आत्ताच अडवली जाते. थिनमध्ये जेवढं लिहाल तेवढीच खर्ची पडते. थिन सोयीचा, पण त्यात एक मेख आहे. विंडोजला डिस्कमध्ये भरपूर जागा दिसत असते, आणि इकडे नॅसचा व्हॉल्यूम, म्हणजे लन जिच्यातून कापला ती जागा, दुसऱ्याच कशाने भरून जातो. मग लिहिणं अर्ध्यात अडतं आणि विंडोजला कारण कळत नाही. थिन घेतलात तर नॅसवर जागा कमी झाल्याची सूचना चालू ठेवा आणि 'स्पेस रिक्लमेशन'वर टिक करा, म्हणजे विंडोजमध्ये पुसलेल्या फाइलींची जागा नॅसला परत मिळते.

विंडोजमध्ये जोडणं

वेगळं काही उतरवायला नको. स्टार्ट मेन्यूत 'आयस्कझी इनिशिएटर' टाइप करा. पहिल्यांदा उघडताना सेवा चालू नाही, चालू करू का, असं विचारेल. 'येस' म्हणा, पुढे ती दरवेळी आपोआप चालू होईल.

'डिस्कव्हरी' टॅबवर 'डिस्कव्हर पोर्टल' दाबून नॅसचा आयपी पत्ता भरा. पोर्ट ३२६० तिथे आधीच असतं. आता 'टार्गेट्स' टॅबवर या. मघाशी केलेल्या टार्गेटचं नाव दिसेल, समोर 'इनॅक्टिव्ह'. वरचं 'क्विक कनेक्ट' टाळा, कारण त्यात चॅपचा पासवर्ड भरायला जागाच नसते. नाव निवडून खालचं 'कनेक्ट' दाबा. 'फेव्हरिट टार्गेट्स'ची टिक राहू द्या, तिच्यामुळेच संगणक परत सुरू केल्यावर डिस्क आपोआप जोडली जाते. मग 'अॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन 'एनेबल चॅप लॉग ऑन'वर टिक करा. नावाच्या चौकोनात विंडोजने स्वतःचं आयक्यूएन भरून ठेवलेलं असतं. ते पुसा आणि नॅसवर चॅपसाठी दिलेलं नाव लिहा. जोडणी फसण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण. 'ओके' केलं की स्थिती 'कनेक्टेड' होईल.

आता 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या भागात एक नवी डिस्क आलेली असेल, काळ्या पट्टीची, 'अनअलोकेटेड' लिहिलेली. थेट केबलने नवीकोरी हार्ड डिस्क लावल्यावर जे दिसतं, अगदी तेच. ती दुसऱ्या खोलीत, चार दुसऱ्याच डिस्कांच्या पोटात आहे याचा विंडोजला पत्ताही नसतो. 'ऑफलाइन' असेल तर तिच्या नावावर राइट क्लिक करून 'ऑनलाइन' करा, 'जीपीटी' पद्धतीने इनिशिअलाइज करा, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' करून एनटीएफएस या विंडोजच्या फाइल व्यवस्थेने फॉरमॅट करा. पेन ड्राइव्ह लावल्यावर अक्षर बदलू नये म्हणून मी तिला एन अक्षर दिलं आहे.

शेवटी इनिशिएटरच्या 'व्हॉल्यूम्स अँड डिव्हायसेस' टॅबवर जाऊन 'ऑटो कॉन्फिगर' एकदा दाबा. आता ५० जीबीचा एखादा फोल्डर कॉपी करून बघा. गिगाबिटवर साडेसात-आठ मिनिटं लागली तर सगळं ठीक. पंधरा मिनिटं लागली तर केबल किंवा स्विचकडे संशयाने बघा. जंबो फ्रेम्सच्या, म्हणजे नेटवर्कची पाकिटं मोठी करण्याच्या, फंदात सुरुवातीला पडू नका. एका टोकाला ९००० आणि दुसऱ्याला १५०० राहिलं तर जोडणी मधेच गोठते, आणि गिगाबिटवर फायदा जाणवावा इतका नसतो.

एक लन, एक संगणक

हे मी नुकसान सोसून शिकलो. मावसभावाच्या लग्नाचे फोटो मी डेस्कटॉपवर निवडत होतो, आणि उरलेली कार्डं लॅपटॉपवरून उतरवावीत असं मनात आलं. टार्गेटच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'मल्टिपल सेशन्स' हा पर्याय बंद होता. मी तो चालू केला आणि लॅपटॉपवरही तीच डिस्क जोडली. वीस मिनिटं सगळं छान चाललं. मग लक्षात आलं, लॅपटॉपवर केलेला 'हळद' हा फोल्डर डेस्कटॉपला दिसतच नाही. रिफ्रेश केलं, तरी नाही. डेस्कटॉप बंद करून चालू केला तर डिस्क तपासणी सुरू झाली, आणि ती संपली तेव्हा 'हळद' गेलेला होता. संगीताच्या रात्रीचे फोटोही अर्धे नीट, अर्धे राखाडी. नवरीच्या आईचा एक फोटो होता, कपाळापासून वरचा भाग शाबूत आणि खाली नुसती पट्टी. कार्डं पुसलेली नव्हती म्हणून सगळं परत उतरवता आलं.

झालं असं की एनटीएफएस ही आपण एकटेच मालक आहोत असं धरून चालणारी फाइल व्यवस्था आहे. कुठली जागा रिकामी याची नोंद प्रत्येक विंडोज स्वतःच्या मेमरीत ठेवतो. लॅपटॉपने जिथे लिहिलं ती जागा डेस्कटॉपच्या वहीत अजून रिकामीच होती, म्हणून त्याने तिच्यावरच लिहिलं. लिनक्सच्या ईएक्सटी४ चंही तसंच. दोघांनी एकत्र वापरायचं तर जीएफएस२ सारखी क्लस्टर फाइल व्यवस्था लागते, आणि घरात त्या वाटेला जायचं कारण नाही. दोन संगणक असतील तर दोन वेगळे लन करा, दोन वेगळी टार्गेट करा. दोघांना मिळून एकच फोल्डर हवा असेल तर शेअर फोल्डरच योग्य. 'मल्टिपल सेशन्स' बंद होता तो याचसाठी, त्याला तसाच राहू द्या.

बॅकअप

नॅसच्या दृष्टीने तुमचा लन हा एकच मोठा ठोकळा आहे. मोबाइलवरून नॅस उघडलात तर त्यातला एकही फोटो दिसणार नाही. नॅसवरून होणारा फोल्डरांचा बॅकअपही त्याच्या आत डोकावत नाही. म्हणून फाइलींची प्रत विंडोजमधूनच घ्या, बाहेरच्या एखाद्या हार्ड डिस्कवर. लनचे स्नॅपशॉटही, म्हणजे एका क्षणाची गोठवलेली स्थितीही, जरूर चालू करा, पण ते चालत्या संगणकाचा प्लग अचानक काढावा त्या क्षणाचे असतात. त्यातून एकच फाइल हवी असेल, तरी स्नॅपशॉटचा नवा लन करून तो वेगळा जोडावा लागतो. नॅसमधल्या डिस्का एकमेकींना सांभाळतील अशा जोडायची पद्धत म्हणजे रेड. तिच्यामुळे एक डिस्क मेली तरी गाडी चालू राहते, पण माझा 'हळद' फोल्डर रेडने वाचवला नसता.

रोजच्या वापरात

सकाळी आधी नॅस, मग संगणक. रात्री आधी संगणक बंद, मग नॅस. नॅसचं सॉफ्टवेअर अपडेट करायचं असेल तर आधी डिस्क सोडवून घ्या, कारण तो मधेच परत सुरू होतो आणि विंडोज एखादा मिनिट वाट बघून हात टेकतो.

लिनक्सवर 'ओपन-आयस्कझी' हे पॅकेज लागतं. टार्गेट शोधणं आणि लॉगिन दोन्ही त्यातच होतं. फक्त एफएसटॅबमधल्या, म्हणजे सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीतल्या, ओळीला अंडरस्कोअर-नेटडेव्ह हा पर्याय लावायला विसरू नका, नाहीतर नेटवर्क उठायच्या आधीच यंत्र डिस्क शोधत बसतं. मॅकमध्ये इनिशिएटर मुळातच नाही, तो बाहेरून घ्यावा लागतो.

जागा कमी पडली तर सॅन मॅनेजरमध्ये लन वाढवा. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'रिस्कॅन' करा, जुन्या भागाला लागून काळी पट्टी दिसेल, आणि 'एक्स्टेंड व्हॉल्यूम'ने ती जोडून घ्या. चालू डिस्कवर हे होतं, फॉरमॅट करावं लागत नाही. डिस्क कायमची काढायची असेल तर आधी त्यावरची सगळी सॉफ्टवेअर बंद करा, डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती 'ऑफलाइन' करा, मग इनिशिएटरमध्ये 'डिसकनेक्ट', आणि 'फेव्हरिट टार्गेट्स'मधूनही नाव काढा. लनला हात त्यानंतरच लावा. नॅसवरून तो एकदा पुसला की कचरापेटीत जात नाही.