इमारतींचे फोटो काढताय? दर आणि अटी आधी कागदावर आणा

"एका दिवसाचे किती घेता?" आर्किटेक्टच्या ऑफिसातून फोन आला की पहिला प्रश्न हाच. फोनवर आकडा सांगू नका. फोटो कुठे वापरणार, साधारण किती हवेत, आणखी कोणाला हवेत आणि साइट कधी रिकामी होणार, एवढं विचारून घ्या. "उद्या संध्याकाळपर्यंत कोटेशन मेल करते" म्हणा आणि फोन ठेवा. मी पुण्यात राहून घरं, शाळा, ऑफिसं शूट करते. बहुतेक काम तरुण आर्किटेक्ट आणि इंटिरियर डिझायनरांचं असतं, त्यामुळे इथले आकडे छोट्या कामांच्या मापाचे आहेत.

दर ठरवताना इतर काय घेतात ते नंतर बघा, आधी स्वतःचा खर्च मांडा. समजा घरखर्च आणि बचत मिळून वर्षाला 7,20,000 लागतात. कॅमेरा, 24 मिमीची टिल्ट-शिफ्ट लेन्स (इमारतीच्या उभ्या रेषा सरळ ठेवणारी), ट्रायपॉड, लॅपटॉप असं 8 लाखांचं सामान चार वर्षांत बदलावं लागेल असं धरलं, तर वर्षाचे 2,00,000. सॉफ्टवेअर, हार्ड डिस्क, विमा, सीएची फी मिळून 1,00,000. एकूण 10,20,000. आता हे पैसे वर्षातून किती शूटमधून उभे राहणार? शूटच्या एका दिवसामागे एडिटिंगचे दोन दिवस आणि रेकी (आधी साइट पाहून येणं), फोन, मेल यांत आणखी एक जातो. पावसाळ्यात बाहेरची कामं मंदावतात. साठ शूट धरले तर प्रत्येकी 17,000, आणि त्यावर अडीअडचणीचे 20 टक्के, म्हणजे साधारण 20,000. याच्या खाली तुम्ही घरातून पैसे घालून दुसऱ्याचं काम करत असता.

कोटेशनमध्ये शूट, एडिटिंग आणि प्रत्यक्ष खर्च वेगवेगळे दाखवा. दापोलीच्या एका घराचं उदाहरण घेऊ. शूटचे 20,000, पंधरा अंतिम फोटोंचे प्रत्येकी 800 प्रमाणे 12,000, असिस्टंटचे 2,500, गाडी आणि मुक्काम 9,000. बेरीज 43,500. आकडा जास्त वाटला तर क्लायंटने फोटो कमी करावेत, तुम्ही दर कमी करू नका. एक इंटिरियर फ्रेम म्हणजे खिडकीबाहेरचं ऊन आणि आतला अंधार सांभाळणारी कमी-जास्त उजेडाची चार-पाच एक्स्पोजर हाताने जुळवणं असतं. ते 800 रुपये तिथे जातात, आणि हे क्लायंटला शांतपणे समजावून सांगितलं तर पटतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. फोटो मी काढला म्हणजे हक्क माझाच, असं बहुतेक फोटोग्राफर धरून चालतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 वेगळं सांगतं: कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणून उलट ठरवायचं, आणि लेखी ठरवायचं. माझ्या कोटेशनच्या पहिल्याच पानावर हे असतं: "सर्व छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. पूर्ण रक्कम मिळाल्यावर ग्राहकाला स्वतःची वेबसाइट, सोशल मीडिया, पोर्टफोलिओ आणि पुरस्कारांच्या प्रवेशिका यांसाठी वापराचा परवाना मिळेल. जाहिरात, होर्डिंग आणि तिसऱ्या व्यक्तीला फोटो देणे यात समाविष्ट नाही." खाली सही घ्या. कोणाला हक्क पूर्ण विकत हवे असतील तर विकता येतात, पण तो वेगळा सौदा आणि वेगळी रक्कम. तोही लेखीच करा आणि मुदत व प्रदेश लिहा. ते लिहिले नाहीत तर कायदा पाच वर्षं आणि भारत असं धरतो.

तिसऱ्या व्यक्तीचं कलम कशाला, असं काहींना वाटेल. एका इमारतीत आर्किटेक्ट असतो, इंटिरियरवाली असते, बिल्डर असतो, खिडक्या आणि टाइल पुरवणारे असतात. फोटो एकाने घ्यायचे आणि व्हॉट्सॲपवरून सगळ्यांनी वापरायचे, ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. त्याला नुसतं रागावून उपयोग नाही, सोयीचा रस्ता द्यावा लागतो. मी शूटआधीच विचारते, "सर, अजून कोणाला सामील करून घ्यायचंय का?" सामील होणाऱ्या प्रत्येकामागे शूट आणि एडिटिंगच्या रकमेवर 40 टक्के वाढ. दापोलीच्या 32,000 वर एक जण वाढला की 12,800, एकूण 44,800, आणि दोघांनी अर्धे-अर्धे केले की प्रत्येकी 22,400. खर्चही निम्मा होतो. आर्किटेक्टचे फीमध्येच 9,600 वाचले, मला 12,800 जास्त मिळाले आणि इंटिरियरवालीकडे स्वतःचा परवाना आला. शूट झाल्यावर कोणी मागायला आलं तर ही सवलत नाही. तेव्हाचा दर चढा ठेवा, म्हणजे लोक आधी येतात.

साइटबद्दलची अट सविस्तर लिहा. "मॅडम, साइट एकदम रेडी आहे" याचा अर्थ प्रत्यक्ष तिथे गेल्यावरच कळतो. लिफ्टला आतून प्लायवूड ठोकलेलं असतं, स्विचबोर्डांवरचं प्लास्टिक निघालेलं नसतं, खिडकीच्या काचेवर कंपनीचे स्टिकर, गेटपाशी राडारोड्याचा ढीग आणि मागच्या भिंतीला परांची तशीच. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी साइटचा चालत काढलेला व्हिडिओ मागवते, आणि अटींमध्ये लिहिते: साफसफाई, सर्व दिवे चालू असणं, सोसायटीची आणि घरमालकाची लेखी परवानगी ही ग्राहकाची जबाबदारी; टीम पोहोचल्यावर काम होऊ शकलं नाही तर शूटच्या फीच्या निम्मी रक्कम. घरमालकांचा विसर पडू देऊ नका. त्यांच्या भिंतीवरचे कुटुंबाचे फोटो आणि दारावरची पाटी इंटरनेटवर जावी का, हे त्यांनीच ठरवायचं.

एडिटिंगची हद्दही इथेच. कचऱ्याची बादली, बाहेर आलेली वायर, भिंतीवरचा डाग पुसून देते. शेजारची इमारत किंवा समोरचा विजेचा खांब पुसत नाही. ती इमारत तिथे जशी उभी आहे तशी दिसली पाहिजे, यावर माझा ठाम विश्वास आहे.

तारीख उजेडावरून ठरवा आणि क्लायंटला कारण सांगा. पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो 14 मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या शेवटी. उत्तरेकडच्या भिंतीवर भर दुपारी ऊन येतं ते या दोन तारखांच्या मध्येच, तेही वरून घासत उतरणारं, आणि जून लागला की ढग. तेव्हा उत्तराभिमुख घर असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली संध्याकाळ मागून घ्या. पावसाने धुतलेली हवा असते आणि घरातले दिवे व आकाश यांचा मेळ वीसेक मिनिटं जमतो. पावसामुळे तारीख हलवायची तर आदल्या संध्याकाळपर्यंत फुकट, असं लिहा. ड्रोन वेगळ्या ओळीत लावा. लोहगावच्या हवाई दलाच्या तळामुळे पुण्यात तो हवा तिथे उडवता येत नाही. आधी सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन-नकाशावर झोन बघा, मगच कबूल करा.

पैशाचं वेळापत्रक: तारीख पक्की करताना 50 टक्के, उरलेले मोठ्या फायली देण्याआधी. निवडीसाठी वॉटरमार्क असलेले लहान फोटो पाठवा. वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, दर 18 टक्के. "जीएसटी वेगळा" हे शब्द कोटेशनमध्ये हवेतच. नोंदणी असेल तर आधी प्रोफॉर्मा (कच्चं बिल) द्या, कारण टॅक्स इन्व्हॉइस फाडलं की क्लायंटने पैसे दिले नसले तरी कर तुम्हाला भरावा लागतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र आजच करा, फुकट आहे. लेखी करार असला तरी 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत पैसे देणं खरेदीदाराला बंधनकारक होतं. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. आणि मुदत उलटली की तुमच्या बिलाचा खर्च पैसे देईपर्यंत खरेदीदाराला आयकरात दाखवता येत नाही. आठवणीच्या मेलमध्ये उद्यम क्रमांक टाका आणि प्रत त्यांच्या अकाउंट्सला पाठवा. ऑफिसात सर कधीच जागेवर नसतात, पण सीए हा मेल वाचतो.

रॉ फायली (कॅमेऱ्यातल्या एडिट न केलेल्या मूळ फायली) मागितल्या तर देऊ नका. अंतिम फोटो दोन वर्षं जपून ठेवू, हे मात्र लिहून द्या आणि दोन वेगळ्या डिस्कवर खरंच ठेवा. पुरस्काराची शेवटची तारीख उद्यावर आली की रात्री फोन येतोच.