खेड शिवापूर टोल ते नवले पूल: या चुका टाळा

साताऱ्याहून येताना नवा कात्रज बोगदा संपला की समोर पुणं पसरलेलं दिसतं आणि मन सैलावतं. आलंच की घर! नेमक्या याच टप्प्यावर माणसं सगळ्यात जास्त चुका करतात. माझं शिरवळला रोजचं जाणं-येणं आहे, त्यामुळे त्याच त्या चुका रोज डोळ्यांसमोर घडताना दिसतात.

पहिली आणि जिवावर बेतणारी चूक म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणं. बोगद्यापासून जांभूळवाडीचा दरीपूल, मग स्वामीनारायण मंदिर, थेट नवले पुलापर्यंत रस्ता उतरतच जातो. डिझेल वाचेल म्हणून ट्रकवाले न्यूट्रल करतात, आणि कारवालेही मागे नाहीत. गाडी गिअरमध्ये असली की इंजिन तिला मागे धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. वाचत तर काहीच नाही. आजकालच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन आपोआप तुटतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. २० नोव्हेंबर २०२२ ला याच उतारावर एका अवजड वाहनाने कितीतरी गाड्या चिरडल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला कंटेनरच्या धडकेनंतर गाड्या पेटल्या आणि आठ जण गेले.

म्हणून कार असली तरी बोगद्यातून बाहेर पडताच तिसरा गिअर, गर्दी असेल तर दुसरा. काच थोडी खाली ठेवा. मागून येणाऱ्या ट्रकच्या इंजिनाचा आवाज नाही, नुसती टायरांची घरघर आणि जळकट वास येतोय, असं वाटलं तर डावीकडे सरकून त्याला आधी जाऊ द्या. पुढे गाड्या तुंबलेल्या दिसल्या तर लांबूनच वेग कमी करा, चारही इंडिकेटर लावा आणि थांबल्यावरही नजर आरशात ठेवा. ही सवय मला फार उशिरा लागली.

कात्रजला वळायचं असेल तर नवले पुलाच्या बरंच आधी डावीकडे या. वळण चुकलं म्हणून महामार्गावर रिव्हर्स घेणारे आणि सेवा रस्त्यावर उलटे येणारे रोज दिसतात. चुकलं तर चुकलं, पुढच्या पुलाखालून वळून या. पाच-दहा मिनिटंच जातात.

आता टोल. लोक फास्टॅग (टोल आपोआप कापणारा टॅग) काचेवर न चिकटवता हातात धरून दाखवतात. असा सुटा टॅग काळ्या यादीत जाऊ शकतो. आतल्या बाजूने, आरशाच्या मागे, काचेच्या वरच्या भागात तो चिकटवा. रिचार्ज घरून निघतानाच करा. एकदा मी रांगेत उभा राहून रिचार्ज करत बसलो आणि मागच्या दहा गाड्यांचा खोळंबा केला. टॅग चालत नसेल तर २०२५ मध्ये रोखीने दुप्पट टोल पडत होता. १५ नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरल्यास सव्वापट. मात्र टॅग चालू आहे, त्यात पैसे आहेत आणि नाक्याचंच यंत्र बंद आहे, अशा वेळी तुम्हाला विनाशुल्क सोडण्याचा नियम आहे. तिथे शून्य रकमेची पावती मागून घ्या. पुढच्या गाडीला चिकटूनही जाऊ नका, यंत्र कुणाचा टॅग वाचेल सांगता येत नाही.

टोलच्या पासच्या बाबतीत फार गोंधळ आहे. १५ ऑगस्ट २०२५ ला ३,००० रुपयांत सुरू झालेला वार्षिक पास एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल तेवढाच चालतो. इथे जाणं एक फेरी, येणं दुसरी. रोज जाणाऱ्याच्या २०० फेऱ्या चार महिन्यांतच संपतात. शिवाय तो राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धीवर त्याचा उपयोग नाही. तुमचं घर नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत असेल आणि गाडी खासगी असेल, तर आधी स्थानिक मासिक पासची चौकशी करा. २०२५-२६ साठी त्याचा दर ३५० रुपये होता आणि फेऱ्यांची मोजदाद नाही. नऱ्हे, आंबेगाव, कात्रजकडच्या लोकांनी घर ते नाका हे अंतर एकदा मोजून बघावं, आणि नाक्यावर जाताना राहत्या पत्त्याचा पुरावा व गाडीचं आरसी सोबत न्यावं.

रस्त्यात गाडी बंद पडली किंवा अपघात दिसला तर १०३३ ही राष्ट्रीय महामार्गांची हेल्पलाइन लावा. हा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा.