वळवाच्या आत वीतभर माती झाका

रोहिणी निघाल्या, मृग तोंडावर आला. सांगली-साताऱ्यात ज्यांच्या रानातून यंदा मुरूम किंवा विटांची माती गेली, त्यांनी आज बांधावर जाऊन एकच बघावं: वरच्या मातीचा ढीग कुठं आहे, आणि तो उघडा आहे का? उघडा असेल तर बाकीची सगळी कामं थांबवा. एक मोठा वळीव झाला की तो ढीग ओढ्यात जातो आणि पुढं खर्च करूनही त्या जागी गवताची काडी सहजी धरत नाही.

दरवर्षी हेच बघतोय. पोकलेन येतो, पहिल्याच बकेटला काळी माती उचलतो आणि ती भरावात जाते, नाहीतर खड्ड्याच्या तळाशी पडून वर मुरूम येतो. मग जूनमध्ये तिथं रोपं लावायची, मार्चपर्यंत ती वाळायची, आणि शेतकरी म्हणतो, "जमीनच नापीक झाली." नापीक झाली नाही, तिचं वरचं कातडं गेलं. सेंद्रिय कर्ब, जिवाणू, गवताचं बी, बहुतेक सगळं त्या वरच्या वीतभर, म्हणजे नऊ इंचांत असतं. हिशोब सोपा आहे: गुंठ्याला साधारण ८ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). एवढी माती कडेला रचून ठेवायला फार जागा लागत नाही.

चंद्रपूर, वणीकडं कोळशाच्या उघड्या खाणींतून निघालेल्या दगडमातीचे डोंगर उभे राहतात. त्या खाणींच्या पर्यावरण मंजुरीतसुद्धा वरची माती वेगळी साठवायची अट असते. कोळशाच्या थरालगत गंधकाची खनिजं असली तर ती हवा-पाण्यानं आम्ल सोडतात, तिथं चुन्याचा उपयोग होतो. आपला मुरूम काळ्या पाषाणाचा, त्यात ही भानगड नाही. महाबळेश्वर-पाचगणीकडची जांभ्याची जमीन सोडली तर माती परीक्षणाशिवाय चुना, डोलोमाइटची पोती घेऊ नका. ह्युमिक ॲसिडचे ड्रम आणि 'जमीन जिवंत करणारं किट' तर नकोच. तेच पैसे ट्रॉलीभाड्याला ठेवा आणि साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, आणा. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर प्रेसमड आणि जिवाणू खतं वापरूनच झाडं उभी केली. फक्त ताजा प्रेसमड मुळाशी टाकू नका, तो तापतो. दोन-तीन महिने कुजवून वापरा.

ढिगाचं काम, आजच:
– उंची डोक्याच्या खाली, पाच फुटांच्या आसपास. उंच ढिगाच्या पोटात हवा जात नाही, जिवाणू मरतात.
– वरच्या बाजूनं पाणी वळवणारा चर, खालच्या बाजूला दगडांची ताल.
– उसाचं पाचट पसरून वर दगड. जाळायचं ते पाचट इथं कामाला येतं.
– माती यंदा पसरायची नसेल तर पहिल्या ओलीवर ढिगावरच ताग किंवा धैंचा या हिरवळीच्या खताचं बी फेकावं.

खणलेल्या जागेचं काम:
– डंपरनं दाबलेला तळ कोरडा असतानाच सबसॉयलरनं (खोल फाळाच्या नांगरानं) फोडणं, उताराला आडवं.
– कडा उतरत्या करणं, उभी भिंत ठेवू नये.
– जत, आटपाडी, माण, खटाव भागात सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीतले).
– माती पसरणं. पसरल्यावर त्यावर ट्रॅक्टर फिरवू नये.
– धैंचा एकरी २० ते २५ किलो, फुलोऱ्याआधी गाडणं.
– १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम (नत्र धरणारं जिवाणू खत) चोळणं.
– मारवेल गवताची ठोंबं, बांधाला घायपात आणि ग्लिरिसिडिया.
– झाडांसाठी खड्डे ४५ सेंमी. करंज, शिरीष, बाभूळ, हिवर.

खड्डा भरताना त्यात मुरूम नको, ढिगातली दोन घमेली तीच वरची माती टाका. माझा एक अंदाज आहे, शिफारशीत तो सापडणार नाही: बांधावरच्या जुन्या करंजाखालची किंवा उंबराखालची ओंजळभर माती प्रत्येक खड्ड्यात टाकली की रोप लवकर धरतं. मुळांवरची बुरशी त्या मातीतून येत असावी. आणखी एक, तरवड आपोआप उगवला तर उपटू नका. तो जिथं टिकतो तिथं पुढच्या वर्षी झाड टिकतं, असं मी बघत आलोय.

वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात विटांसाठी माती काढलेली रानं वेगळी. तिथं रान शेजाऱ्यापेक्षा खाली जातं, वरच्या उसाचं पाणी त्यात उतरतं आणि दोन वर्षांत क्षारांची पांढरी फूट दिसते. आधी पाण्याला वाट काढा. जिप्सम टाकायचं ते माती परीक्षणाचा कागद बघूनच. धैंचा क्षारातही तग धरतो, पहिलं पीक तेच.

ज्यांची काळी माती आधीच गेली, त्यांनी पाझर तलावाचा गाळ बघावा, पण पावसाच्या आत ट्रॉल्या मिळतील तेवढाच. सगळ्या रानात विरळ पसरण्यापेक्षा झाडांच्या खड्ड्यात भरा. दोन वर्षं जनावरं सोडू नका, गवत कापून न्या.

आणि ज्यांचा व्यवहार अजून व्हायचाय त्यांनी कागदावर लिहून घ्या: वरची वीतभर माती मालकाची, ती वेगळी रचायची, काम संपल्यावर परत पसरायची. पैसे थोडे कमी मिळाले तरी हे कलम सोडू नका. पोकलेन येईल त्या दिवशी सकाळपासून स्वतः रानात थांबा. काळी माती पहिल्या काही तासांतच उचलली जाते, दुपारी पोचलेल्याला मुरूमच दिसतो.