नॉमिनी लावलाय, मग मृत्युपत्र कशाला? या चुका टाळा

सोसायटीचा सेक्रेटरी होतो तेव्हा एक वाक्य हमखास ऐकायला मिळायचं: "नॉमिनेशन केलंय हो, फ्लॅट पोराच्याच नावावर होणार." तसं होत नाही, आणि भावंडांची निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

नॉमिनी म्हणजे पैसे किंवा मिळकत ताब्यात घेणारा माणूस. मालक ठरतात ते मृत्युपत्राने, ते नसेल तर वारसा कायद्याने. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. सोसायटीही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, नॉमिनीला खरे वारस नोंदले जाईपर्यंत तात्पुरता सभासद करून घेते. आयुर्विम्याचं मात्र वेगळं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तिथे आईवडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात, पण त्याने मालकीचा प्रश्न सुटत नाही.

"मृत्युपत्र नसलं तरी बायकोलाच मिळणार ना सगळं?" नाही. हिंदू वारसा कायद्यात पुरुषामागे बायको, मुलगे, मुली आणि आई यांचे सारखे वाटे पडतात. आई आहे, पण वडील या पहिल्या हक्काच्या वारसांच्या वर्गात नाहीत. हे सांगितलं की भलेभले चमकतात. बायकांच्या बाबतीत तर कायदा फारच विचित्र वाटतो मला. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतःच्या पगारातून घेतलेलं घरसुद्धा आधी सासरच्या वारसांकडे जातं, तिच्या आईवडिलांचा नंबर नंतर. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलंय. अशा बाईने मृत्युपत्र लांबणीवर टाकूच नये.

लिहायला अवघड काही नाही. साधा कागद चालतो, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही (केलेली बरी). दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. नोटरीचा शिक्का मारून आणतात आणि साक्षीदार विसरतात! किंवा पंचाहत्तरीचे काका आपल्याच वयाच्या दोन मित्रांना साक्षीला बसवतात. पुढे वाद झाला तर कोर्टात सांगायला कोण उरणार? साक्षीदार वयाने लहान घ्या, आणि ज्याला मिळकत द्यायची त्यालाच साक्षीला बसवू नका. मजकुरात खाडाखोड केली असेल तर तिथे तुमची आणि साक्षीदारांची सही हवी. त्यापेक्षा नवं मृत्युपत्र करा आणि जुनं रद्द केल्याचं त्यात लिहा.

गावच्या जमिनीचा घोळ वेगळा. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत फक्त स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीही त्यात जन्मतः हिस्सेदार आहेत, त्यामुळे "सगळी शेती थोरल्याला" असं लिहून भागत नाही. आणि मिळकत गोव्यात असेल तर तिथला कायदाच निराळा: मुलंबाळं असताना साधारण अर्धीच मालमत्ता इच्छेप्रमाणे कुणाला देता येते.

जिवंतपणीच मिळकत देऊन टाकणाऱ्या बक्षीसपत्राचा मोह महाराष्ट्रात स्वस्ताईमुळे होतो. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडांना दिली तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये. पण मृत्युपत्र मरेपर्यंत बदलता येतं, बक्षीसपत्र केलं की घर गेलं. करायचंच असेल तर आपला सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहा. ती मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे जाऊन व्यवहार रद्द करून घेता येतो.

राहता राहिलं मूळ मृत्युपत्र ठेवायचं कुठे. एकट्याच्या नावाच्या बँक लॉकरमध्ये नको. आमच्या इमारतीतल्या एका कुटुंबाने मृत्युपत्र लॉकरमध्ये ठेवलं होतं, आणि लॉकर उघडायला बँक वारसाचा कागद मागत होती.