कर्णाची युक्ती पेन्सिलीने करून पाहा

अनंतातही लहानमोठे आकार असतात म्हटलं की दहावीची मुलं माझ्याशी वाद घालतात. तो वाद मला फार आवडतो, पण आधी मी त्यांना चौकटींची वही उघडायला लावते. तुम्हीही उघडा.

दोन संचांत मोठा कोणता हे ठरवताना मोजायचं नाही, जोड्या लावायच्या. दोन्हीकडे कोणी उरलं नाही, तर संच सारख्याच आकाराचे. १, २, ३... या संख्यांशी सम संख्यांच्या जोड्या (१–२, २–४, ३–६) सहज बसतात; त्यात अडकू नका. एखाद्या संचाची यादी करणं म्हणजे त्याची १, २, ३...शी जोडी लावणंच: पहिला, दुसरा, तिसरा...

आता ० आणि १च्या मधले अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात, छेद वाढवत लिहा: १/२, १/३, २/३, १/४, ३/४, १/५... प्रत्येकाचा नंबर कधी ना कधी लागतोच, म्हणून यादी पूर्ण आहे. त्यांचे दशांश एकाखाली एक मांडा:

०.५००००
०.३३३३३
०.६६६६६
०.२५०००
०.७५०००

कर्णावरच्या, म्हणजे तिरक्या रेषेतल्या अंकांना गोल करा (दशांश चिन्हानंतर पहिल्या ओळीतला पहिला, दुसरीतला दुसरा, असे): ५, ३, ६, ०, ०. नियम असा: ५ असेल तर ४ लिहा, नसेल तर ५. मिळतं ०.४५५५५... ही संख्या पहिल्या ओळीहून पहिल्या अंकात वेगळी, दुसरीहून दुसऱ्या अंकात, असं शेवटपर्यंत. म्हणजे ती यादीत कुठेच नाही.

इथे घाई नको. यादीत तर सगळे अपूर्णांक होते! मग ही संख्या अपूर्णांक नाही, अपरिमेय आहे. ५५५५ असेच चालू राहिले असते तर ४१/९० मिळाला असता, आणि तो यादीत आहे. तेव्हा पुढे कुठेतरी ४ येणारच. हे स्वतः पटवून घ्या, मला यातच खरी गंमत वाटते.

आता ० आणि १च्या मधल्या सगळ्याच वास्तव संख्यांची, म्हणजे अपूर्णांक आणि अपरिमेय दोन्हींची, यादी कोणी आणून दिली असं समजा. युक्ती तीच. पण या वेळी नवी संख्याही वास्तवच. ती यादीत असायला हवी होती आणि नाही. अशी यादी होऊच शकत नाही. हा अनंत १, २, ३...च्या अनंताहून मोठा आहे.

‘मग त्या नव्या संख्येला यादीच्या सुरुवातीला घाला!’ असं मुलं म्हणतात. घाला, आणि पुन्हा कर्ण काढा.

० आणि ९ मात्र नियमात वापरू नका. ०.४९९९... आणि ०.५ ही एकच संख्या आहे, त्यामुळे अंक वेगळे दिसूनही संख्या तीच निघू शकते. जर्मनीतल्या हाले इथे शिकवणाऱ्या गेओर्ग कँटरने १८९१ मध्ये ही युक्ती मांडली, तेव्हा अंक घेतलेच नाहीत. दोनच चिन्हांच्या अनंत रांगा घेतल्या आणि कर्णावरचं प्रत्येक चिन्ह उलटं केलं. तिथे ही अडचण येतच नाही. पुढच्या पानावर ते करा.